सर्पगंधाची मुळी आणि रक्तदाब



शेणवा, शहापूर, मुरबाड या भागात शेतीच्या कामाने फिरताना एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, सर्पगंधाच्या मुळीने ब्लडप्रेशर उतरते म्हणतात. मग दवाखान्याच्या गोळ्या कशाला?" याचे उत्तर नीट समजून घ्यावे.

हृदय हा पंप आणि रक्तवाहिन्या हे पाइप. पंप जोरात चालला किंवा पाइपचे तोंड अंगठ्याने दाबले, की पाण्याचा दाब वाढतो. शरीरात हा अंगठा म्हणजे मज्जातंतू. मेंदूचा हुकूम येताच त्यांच्या टोकांतून एक द्रव्य सुटते. त्यामुळे हृदय वेगाने चालते, रक्तवाहिन्या आवळतात आणि मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात. बांधावर साप दिसला की छाती धडधडते ती यामुळेच. साप गेला की दाब उतरतो. काहींचा मात्र चढलेलाच राहतो. त्याला जास्त मीठ, लठ्ठपणा, वाढते वय, घराण्यातील दोष अशी इतरही कारणे असतात.

सर्पगंधा नेमकी मज्जातंतूंवर काम करते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली व १९४९ साली आपले निष्कर्ष इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापले. साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे औषध वेगळे काढण्यात आले. मज्जातंतूंच्या टोकांतील त्या द्रव्याचा साठा ते रिकामा करते. म्हणजे अंगठा सैल पडतो.

मग मुळी उगाळून का घेऊ नये? कारण प्रत्येक मुळीत औषधाचा अंश सारखा नसतो. जमीन, झाडाचे वय, हंगाम यांप्रमाणे तो बदलतो. जास्त झाल्यास नाडी मंदावते, गुंगी येते, मन उदास होते. म्हणूनच आज डॉक्टर रिसर्पिन क्वचितच देतात. त्याहून सोसणारी औषधे मिळतात.

तेव्हा एवढे करा:

१. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी आरोग्य केंद्रात दाब मोजून घ्या. आधी पाच मिनिटे शांत बसा. दुखत नाही म्हणून दाब नाही, असे समजू नका.
२. दाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर डॉक्टरांचा सल्ला घ्या.
३. दिवसभराचे मीठ माणशी एक चहाचा चमचा, त्याहून जास्त नको. सुकी मासळी, लोणचे, पापड यांतील मीठही त्यातच धरा.
४. तंबाखू, मशेरी सोडा. तंबाखूतील निकोटिन मज्जातंतूंना डिवचते.
५. बरे वाटले म्हणून गोळी मनाने बंद करू नका. काही गोळ्या एकदम सोडल्या तर दाब उसळतो.