सशाचे बिऱ्हाड

पशुपक्षी पाळण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. पूर्वी ती अंगणात, गोठ्यात नि परसात भागत असे. आता शहरांतून अंगण गेले, परसू गेले. हौस मात्र गेली नाही. ती दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेत येऊन राहिली आहे. कुत्रा भुंकला की शेजारी कुरकुरतात, मांजर दुधाच्या पातेल्याभोवती घोटाळते. मग मुलांच्या हट्टापायी बाजारातून एक पांढराशुभ्र ससा घरी येतो. तो भुंकत नाही, दूध सांडीत नाही, कोपऱ्यात मुकाट बसून गवत कुरतडीत राहतो. पहिले आठ दिवस मोठ्या कौतुकात जातात. नंतर घरात एक उग्र दर्प दरवळू लागतो, सतरंजीवर डाग दिसतात, सोफ्याखाली लेंड्या सापडतात. ‘ससा हा मोठा घाणेरडा प्राणी’ असा निकाल लागतो आणि त्याच्या पिंजऱ्याची रवानगी गॅलरीत होते. उन्हात, पावसात नि एकांतात पुढचे आयुष्य तो कसेबसे कंठतो.

श्रोतेहो, हा निकाल अन्यायाचा आहे. ससा हा स्वभावतःच स्वच्छ प्राणी आहे. त्याची स्वतःची अशी स्वच्छतेची एक रीत आहे, आणि ती समजावून न घेता आपण आपली रीत त्याच्यावर लादतो, तेथेच सारा घोटाळा होतो.

ही रीत समजून घ्यायची तर हा ससा मुळात कोठला, हे पाहिले पाहिजे. आपल्या भाषेत ‘ससा’ हा शब्द दोन निराळ्या प्राण्यांना लावला जातो. माळरानावर संध्याकाळी झुडपाआडून उसळी मारून पळणारा, पंचतंत्रात सिंहाला विहिरीपाशी नेणारा, तो आपला रानससा. तो बिळात राहत नाही. गवतात किंचित खोलगट जागा करून तो बसतो, आणि त्याची पिले उघड्या डोळ्यांनी व अंगावर केस घेऊनच जन्माला येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे. त्याला धरून आणून पाळणे हा गुन्हा होय. बाजारात मिळणारा पाळीव ससा मात्र युरोपातील. त्याचे मूळ घराणे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातले. हे ससे जमिनीत बिळे खणून कळपाने राहतात, आणि त्यांची पिले आंधळी व उघडीवाघडी जन्मतात.

बिळात एकत्र राहणाऱ्या प्राण्याला वाटेल तेथे घाण करून चालत नाही. म्हणून रानातले हे युरोपीय ससे ठराविक जागा नेमून तेथे लेंड्या टाकतात. त्या ढिगांचा उपयोग हद्दीच्या दगडांसारखाही होतो. ऑस्ट्रेलियात रोमन मायकिटोविच या संशोधकाने १९६० च्या दशकात या विषयाचा कसून अभ्यास केला. हनुवटीखालील ग्रंथींचा स्राव वस्तूंना घासून आणि लेंड्यांना चिकटलेल्या गंधाने ससा आपली वस्ती आपल्या नावावर करून घेतो, हे त्याने दाखविले. स्वतःचा गंध असलेल्या जागी ससा निर्धास्त असतो. परक्या गंधाच्या जागी तो बिचकतो. आपल्या घरातला ससा टेबलाच्या पायाला हनुवटी घासतो, तेव्हा तोही सातबाराच्या उताऱ्यावर नाव चढवीत असतो म्हणा ना!

या एका गोष्टीतून स्वच्छतेचे बहुतेक नियम आपोआप निघतात. पहिला नियम असा की, सशाची शौचाची जागा आपण ठरवू नये. त्याने ठरवावी व आपण ती मान्य करावी. दोन-चार दिवस लक्ष ठेवले तर तो एखादाच कोपरा पुनःपुन्हा निवडतो, असे दिसून येईल. तेथे एक पसरट टब किंवा काठ बेताचा असलेले घमेले ठेवावे. तळाशी वर्तमानपत्राचे चार-सहा थर, त्यावर कागदाच्या पट्ट्या, आणि एका बाजूस वाळलेल्या गवताचा भारा. गवत तेथेच ठेवायचे कारण असे, की खाता खाता लेंड्या टाकणे ही सशाची सवयच आहे. आपल्याला हे विपरीत वाटेल. पण गवत तेथे असले म्हणजे तो तासन्‌तास तेथेच बसतो आणि बाकीची खोली स्वच्छ राहते. पहिल्या दिवशी एक ओला कागद व मूठभर लेंड्या त्या पात्रात मुद्दाम ठेवाव्या. आपल्या गंधाची खूण पटली, की पुढचे शिक्षण त्याला द्यावे लागत नाही. रागावणे, नाक दाबून दाखविणे, चापट मारणे यांचा काडीइतका उपयोग नाही; त्यामुळे तो फक्त आपल्याला भिऊ लागतो.

अंथरण्यासाठी काय वापरावे, याचाही विचार हवा. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून अनेकजण आणतात. परंतु त्याची बारीक धूळ सशाच्या नाकात जाते, आणि चीड-देवदारासारख्या लाकडाचा उग्र वास त्याला बाधतो. मांजरासाठी मिळणारी, ओली होताच गोळा होणारी वाळू तर मुळीच वापरू नये. ससा तोंडाला येईल ते कुरतडून पाहतो, आणि ती वाळू पोटात जाऊन आतडी तुंबण्याचे भय असते. साधा कागद आणि गवत यांहून चांगले अंथरूण नाही. भाताचा पेंढा अंथरायला चालतो. पण खाण्याच्या गवताची जागा तो घेऊ शकत नाही. जाळीच्या तळाचा पिंजरा वरून स्वच्छ दिसतो, कारण घाण खाली गळून पडते. परंतु सशाच्या तळपायाला कुत्र्यामांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. तारेवर बसून बसून पायाला जखमा होतात. ही स्वच्छता आपल्या सोयीची असली, तरी तिची किंमत ससा मोजतो.

आता त्या दर्पाकडे वळू. ताज्या मूत्राला फारसा उग्र वास नसतो. ते साचून राहिले म्हणजे जंतू त्यातील युरियाचे विघटन करतात आणि अमोनिया वायू सुटतो. ससा जवळजवळ सर्वस्वी नाकानेच श्वास घेतो, आणि त्याचे नाक जमिनीपासून चार बोटांवर असते. उभ्या माणसाला जो दर्प जेमतेम जाणवतो, तो त्या पिंजऱ्यात रात्रंदिवस कोंडलेला असतो. त्याने नाकातील व श्वासनलिकेतील नाजूक अस्तराला इजा होते, शिंका सुरू होतात, नाक वाहू लागते आणि मग जंतूंना वाट मोकळी होते. म्हणून परीक्षा करायची ती उभ्याने नव्हे. खाली बसून, सशाच्या उंचीवर नाक नेऊन करावी. तेथे डोळ्यांना किंचितही झोंबले, तर साफसफाईला उशीर झाला असे समजावे. ओले कागद रोज बदलावे आणि आठवड्यातून एकदा पात्र धुऊन, वाळवून घ्यावे, एवढ्याने काम भागते.

पात्राच्या तळाशी कालांतराने पांढरा थर जमतो. याचे कारण मोठे मजेदार आहे. इतर बहुतेक प्राणी अन्नातून गरजेपुरताच चुना शोषून घेतात. ससा मात्र मिळेल तितका शोषतो आणि जास्तीचा मूत्रावाटे टाकतो. म्हणून त्याचे मूत्र पुष्कळदा गढूळ, दुधी असते. हा थर साबणाने निघत नाही. निम्मा शिरका व निम्मे पाणी ओतून अर्धा तास ठेवावे. आम्लात चुना विरघळतो. मात्र हा प्रयोग पात्रातच करावा. शहाबादी किंवा संगमरवरी फरशीवर शिरका सांडला, तर तीही चुन्याचीच असल्यामुळे तिची झिलई जाते. ब्लीचिंग पावडर मूत्राच्या डागावर टाकू नये, शिरक्यात तर कधीच मिसळू नये. दोन्ही प्रकारांत विषारी वायू निघतो. मूत्र कधी नारिंगी वा तांबूस दिसले तर घाबरून जाऊ नये. वनस्पतींतील रंगद्रव्यांमुळे असे होते. परंतु रक्ताच्या गाठी दिसल्या, किंवा ससा कुंथत असेल, तर पशुवैद्याकडे जाण्यास विलंब लावू नये.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. काही घरांत स्वच्छतेचा अतिरेक होतो. रोज सारा पिंजरा फिनेलने धुतला जातो, चादरी बदलल्या जातात, गंधाचा मागमूस ठेवला जात नाही. आपल्या दृष्टीने ते घर लखलखीत. सशाच्या दृष्टीने ते रोज एक परके घर असते. मग तो घाईघाईने चारी कोपऱ्यांत पुन्हा खुणा करू लागतो, आणि धुणारी गृहिणी म्हणते, ‘इतके धुऊनही हा सुधारत नाही!’ तेव्हा शौचपात्र व बसण्याची जागा एकाच दिवशी धुऊ नये, आणि धुतलेल्या पात्रात थोड्या जुन्या लेंड्या परत टाकाव्या. वयात आलेला नर जागोजाग मूत्राचे फवारे मारू लागला, तर तो त्याच्या वयाचा धर्म होय. पशुवैद्याकडून निर्बीजीकरण करून घेतले, की ही खोड बहुधा पुष्कळ कमी होते.

सशाच्या लेंड्यांविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण त्या वाचता आल्या तर सशाचे प्राण वाचतात. निरोगी ससा दिवसाकाठी दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. त्या गोल, कोरड्या, जवळजवळ वासरहित असतात. याखेरीज दुसरा एक प्रकार आहे. मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या बारीक घोसासारख्या लेंड्या ससा थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खाऊन टाकतो. १८८२ साली मोरो या फ्रेंच पशुवैद्याने या प्रकाराचे वर्णन केले. अंधांत्रात जंतूंच्या साह्याने आंबलेले, जीवनसत्त्वांनी व प्रथिनांनी समृद्ध असे हे अन्नच असते; गाय रवंथ करते, तसाच हा व्यवहार. त्यास किळसवाणे म्हणून आडकाठी करू नये. या मऊ लेंड्या न खाता तशाच पडून राहू लागल्या, तर अन्नात गवत कमी आणि दाणे, बिस्किटे वा गोड फळे जास्त झाली असे समजावे. किंवा ससा लठ्ठ अथवा आजारी झाल्यामुळे त्याचे तोंड तेथवर पोचत नसेल.

कोरड्या लेंड्या लहान होऊ लागल्या, किंवा केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या, तर तीही सूचनाच. आणि रात्री स्वच्छ केलेले पात्र सकाळी तसेच रिकामे दिसले, तर ‘आज काम वाचले’ असा आनंद मानू नये. सशाचे पोट सतत चालत राहिले पाहिजे. ते थांबणे हे प्राणावरचे संकट आहे. हा प्राणी हिंस्र पशूंचे भक्ष्य म्हणून जगत आला आहे, त्यामुळे दुखणे लपविणे त्याच्या रक्तातच असते. तो कण्हत नाही, ओरडत नाही. त्याची तक्रार त्या घमेल्यातच काय ती लिहिलेली असते.

आपल्या देशातील ऋतूंचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात गवताला बुरशी धरते. कुबट वासाचे गवत सरळ टाकून द्यावे. याच दिवसांत हिरव्या माश्यांचा सुळसुळाट होतो. सशाचे मागचे अंग ओले वा घाणेरडे राहिले, तर त्या तेथे अंडी घालतात, एका दिवसाच्या आत त्यांतून अळ्या निघतात आणि जिवंत मांसात शिरतात. म्हणून कोकण किनाऱ्यावर असो वा कलकत्त्यात, पावसाळ्यात सशाचे बूड दिवसातून दोनदा तपासावे. भरलेली घाण ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. सशाला आंघोळ मात्र घालू नये. भीतीने व गारठ्याने तो दगावू शकतो. दिल्ली, नागपूर, हैदराबादकडच्या उन्हाळ्यात त्याला गॅलरीत ठेवणे म्हणजे भट्टीत ठेवणे. त्याला घाम येत नाही; अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे टाकतो, आणि पारा तिशीकडे सरकला की त्याला त्रास होऊ लागतो. तेव्हा घरातील गार फरशी हीच त्याची जागा.

एवढ्या सगळ्याला दिवसाची पंधरा मिनिटे पुरतात. मुलांनी हट्टाने ससा आणला असेल, तर त्यांतली पाच मिनिटे मुलांकडे द्यावी, नंतर साबणाने हात धुण्याची शिस्तही लावावी, आणि काम खरोखर झाले की नाही हे वडीलधाऱ्यांनी पाहावे. काढलेल्या कोरड्या लेंड्या टाकून देऊ नयेत. गुलाबाच्या कुंडीत त्या तशाच घातल्या तरी उत्तम खत होते.

ज्या मुक्या जीवाला आपण त्याच्या बिळापासून इतक्या दूर आपल्या बिऱ्हाडी आणले, त्याला निवाऱ्याबरोबर थोडी समजूतही देणे लागतो. तेवढी दिली, तर त्याला गॅलरीत घालविण्याची वेळ येणार नाही.