गोठ्यातली लस, रानातले कळप

आधी जनावर तापानं फणफणतं. डोळे गळू लागतात, हिरड्यांवर कोंडा भुरभुरल्यासारखे व्रण दिसतात. मग पातळ, घाण वासाची हगवण. आठ-दहा दिवसांत दावण रिकामी. ही बुळकांडी. भारतात तिचा शेवटचा रुग्ण १९९५चा. आजच्या तरुण पशुपालकानं ती पाहिलेलीच नाही.

हा विषाणू गोठ्यापुरता कधीच थांबला नाही. १९६८ साली मुदुमलाईच्या जंगलात त्यानं गव्यांचे कळप आडवे केले. आफ्रिकेत तर तो मुळातच परका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आशियातून नेलेल्या गुरांबरोबर तो तिथं उतरला आणि दहाएक वर्षांत दक्षिण टोकापर्यंत पोचला. बहुतेक भागांत शंभरातली ऐंशी-नव्वद गुरं गेली, रानम्हशीही मेल्या.

त्याच्याशी झुंजायला १८८९ मध्ये पुण्यात एक प्रयोगशाळा उघडली. पुढं ती मुक्तेश्वरला हलली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. तिथं १९२०च्या दशकात विषाणू शेळ्यांमध्ये वाढवून सौम्य केला गेला आणि लस म्हणून टोचला जाऊ लागला. १९६०च्या सुमारास केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी त्याहून सुरक्षित लस तयार केली. एक टोचणी, जन्मभराचं संरक्षण.

खरी नवलाई आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या माळरानात घडली. तिथल्या विल्डबीस्ट या कळपानं चरणाऱ्या रानजनावराच्या वासरांना आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षण काही महिन्यांत सरायचं, आणि वर्षाची व्हायच्या आत ती रोगानं मरायची. लस टोचली ती मात्र आसपासच्या मसाई पशुपालकांच्या गुरांना. रानातल्या एकाही जनावराला सुई लागली नाही. तरी १९६३ नंतर वासरांच्या रक्तातून रोगाची खूणच नाहीशी झाली. रानात रोग होता, पण तो जिवंत ठेवत होती गावची गुरं! अडीच लाखांचे विल्डबीस्ट दीड दशकात तेरा लाखांवर गेले. एवढी तोंडं चरू लागल्यावर वाळकं गवत उरेना, वणवे घटले आणि माळावर पुन्हा झाडं उभी राहिली.

२०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. देवीनंतर मुळासकट उपटलेला हा दुसराच रोग.

तिचा भाऊबंद पीपीआर मात्र शेळ्या-मेंढ्यांत अजून आहे. २०१७ च्या हिवाळ्यात मंगोलियात त्यानं हजारो सायगा हरणं मारली. तिथंही तो शेळ्या-मेंढ्यांकडूनच आला होता. त्याची लस आहे, स्वस्त आहे. एक मिलिलिटर, कातडीखाली, आणि शेळी निदान तीन वर्षं सुरक्षित.