विश्लेषण : जुनी दगडी भिंत दुरुस्त करायची की पाडायची?

कबनूर-इचलकरंजी परिसरात जुन्या घराच्या दगडी भिंतीला फुगवटा आला, की पहिला सल्ला मिळतो तो ‘पाडून आरसीसी करा’ असा. दुसरा असतो सिमेंटने दरजा भरून घेण्याचा. घाई दोन्हींत आहे, पण जास्त नुकसान बहुधा दुसऱ्या सल्ल्याने होते.

सिमेंटने नेमके काय बिघडते?

आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. तो घट्ट असतो, त्यातून पाणी सहज जात नाही. जाड भिंतीत बाहेरून-आतून घडीव दगड आणि मध्ये चिपा व चुन्याची भर असते. पावसाची ओल दरजांतूनच आत शिरते आणि चुना सच्छिद्र असल्याने तिथूनच बाहेर पडते. दरजा सिमेंटने बंद केल्या की ओल आत कोंडते, भर ढिली होते आणि दर्शनी दगड मागच्या भागापासून सुटतो. हाच फुगवटा. म्हणजे दगड शाबूत असतो, संपलेला असतो तो चुना.

म्हणून निर्णय एकेका दगडाचा घ्यावा लागतो. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवतात. पावसाळ्यानंतर ती तडकलेली दिसली, तर भिंत अजून हलते आहे आणि आधी पाया तपासायला हवा. फुगलेला भाग दगडांवर नंबर टाकून उतरवता येतो आणि तेच दगड चुन्यात पुन्हा बसवता येतात. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो, हे खरे. भार पेलणारा कमानीचा किंवा दारावरचा दगड आरपार तडकला असेल, तर मात्र तो बदलावाच लागतो.

शिल्पांचे काय?

शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात गजपट्टातील अनेक हत्ती भंगलेले आहेत. तुटलेल्या सोंडेने मंदिराला धोका नाही, त्यामुळे नवी सोंड कोरून बसवण्याची गरजही नाही. 1964 च्या व्हेनिस सनदेनुसार बदललेला भाग मूळ कामाशी जुळला पाहिजे, पण वेगळा ओळखूही आला पाहिजे.

पन्हाळा, खिद्रापूरसारख्या ठिकाणी कायदाही आडवा येतो. केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत 16 जून 1992 पूर्वीच्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. तेच घर पाडले, तर त्या जागी नवे बांधता येत नाही.