ताऱ्यांच्या चालीने उघडणारी फळी

पृथ्वी स्वतःभोवतीची एक प्रदक्षिणा 23 तास 56 मिनिटे 4 सेकंदांत पुरी करीत असल्यामुळे खगोलीय विषुववृत्तावरील तारा दर सेकंदास सुमारे 15 विकला सरकलेला दिसतो. नुसत्या डोळ्यांना ही गती जाणवत नाही. पण 50 मिलिमीटरचे भिंग लावलेल्या कॅमेऱ्यात 4 मायक्रॉनचा एकेक पिक्सेल आकाशाचा जेमतेम 16 विकलांचा तुकडा टिपीत असल्याने, मृगातील तेजोमेघाचा अंधुक प्रकाश साठविण्यासाठी शटर दोन मिनिटे उघडे ठेवावे, तर त्या अवधीत ताऱ्यांच्या रेघा झालेल्या असतात.

यावर जॉर्ज हेग यांनी ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात 1975 साली प्रसिद्ध केलेली तजवीज आजही घरोघरच्या हौशी निरीक्षकांना पुरी पडते. दोन फळ्या बिजागरीने जोडावयाच्या, उत्तरेकडे तोंड केले असता ती बिजागरी डाव्या हाताला राहील आणि तिच्या खिळ्याचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखला जाईल अशा बेताने खालची फळी तिपाईवर आवळावयाची, आणि कॅमेरा धारण करणारी वरची फळी आटे पाडलेल्या सळईने आकाशाच्याच गतीने उचलीत न्यावयाची, एवढीच तिची रचना.

सर्व मर्म आहे ते मोजमापात. एम-6 सळईचा आटा 1 मिलिमीटरचा असतो. मोटर मिनिटास एक फेरा घेणार असेल, तर सळई बिजागरीपासून 228.6 मिलिमीटरवर बसली पाहिजे, आणि हे अंतर फळीच्या कडेपासून नव्हे, खिळ्याच्या मध्यापासून धरावयाचे. येथे सव्वादोन मिलिमीटरांची तफावत राहिली, तरी गती शेकडा एकाने चुकते व मिनिटास 9 विकलांची घसरण पदरी येते. म्हणून मोटरीवर पैसा खर्चण्याआधी चांगली पोलादी मोजपट्टी घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. फेऱ्यास 200 पावले टाकणारी साधी स्टेपर मोटर आणि तिला हुकूम देणारे आर्डुइनो पुरे होते. तिचे प्रत्येक पाऊल साडेचार विकलांचे, म्हणजे पिक्सेलहून पुष्कळ लहान असते.

सळई सरळ असल्यामुळे फळी जसजशी उघडते तसतशी ती किंचित मागे पडते. दहा मिनिटांत ही चूक 6 विकलांची, पण वीस मिनिटांत ती 46 विकलांपर्यंत पोहोचते. दीर्घ छायाचित्रणासाठी सळई त्याच त्रिज्येच्या कंसात वाकवावी, नाहीतर मोटरीचा वेग हिशेबाने हळूहळू वाढवावा.

ध्रुव साधणे मात्र आपल्याकडे कष्टाचे आहे. पुण्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून अवघा साडेअठरा अंश वर असतो, आणि तेथवर धूळ, दिव्यांचा उजेड व डोंगरांच्या कडा यांचाच अंमल असतो. शिवाय हा ताराही खऱ्या ध्रुवापासून सुमारे दोन-तृतीयांश अंश दूर आहे. अक्ष एका अंशाने चुकल्यास मिनिटास जास्तीत जास्त 16 विकलांची घसरण होते, म्हणजे केवळ ध्रुवताऱ्यावर नेम धरला तर सुमारे 10 विकलांची. रुंद भिंगाला एवढी घसरण एक-दोन मिनिटे खपते; 200 मिलिमीटरच्या भिंगाला, ज्याचा पिक्सेल 4 विकलांचा, ती अर्ध्या मिनिटातच भोवते.