स्क्रीनवर ओळी दिसतात, मग फाइल रिकामी का? रुबीतील ‘बफर’चा घोळ समजून घ्या

रुबीत लिहिलेला एक छोटा प्रोग्राम रात्रभर सर्व्हरवर चालतो आणि दर तासाला ‘इतक्या नोंदी तपासल्या’ अशी एक ओळ छापतो. समोर कोणी बसणार नसते, म्हणून आउटपुट ‘>’ चिन्हाने फाइलमध्ये वळवलेले असते. पहाटे मेमरी संपते आणि लिनक्स तो प्रोग्राम जबरदस्तीने बंद करते. सकाळी फाइल उघडावी, तर आत एकही ओळ नाही. काम कुठपर्यंत झाले होते, हे कळायला मार्गच उरत नाही.

नेमके काय होते?

‘पुट्स’ ही आज्ञा मजकूर थेट फाइलपर्यंत पोहोचवत नाही. आउटपुट टर्मिनलवर जात असेल, तर ओळ संपताच रुबी ती दाखवते. तेच फाइलकडे किंवा पाइपकडे जात असेल, तर मजकूर आधी मेमरीतल्या बफरमध्ये साठतो. कारण प्रत्येक ओळीसाठी ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारणे महाग पडते. वडापची जीप सीटा भरल्याशिवाय स्टँडवरून हलत नाही, तसाच हा प्रकार. प्रोग्राम नीट संपला, अगदी एरर येऊन कोसळला, तरी रुबी जाता जाता बफर रिकामा करते. ‘किल -९’ मात्र तेवढीही सवड देत नाही. डॉकरमध्ये प्रोग्राम चालू असूनही लॉग कोरा दिसतो, त्यामागेही बहुतेकदा हेच असते.

उपाय काय?

सुरुवातीलाच स्टँडर्ड आउटपुटचे ‘सिंक’ ‘ट्रू’ करावे. लाखो ओळी छापणारा प्रोग्राम त्यामुळे मंदावतो. तिथे मोजक्या टप्प्यांवर ‘फ्लश’ पुरे. चुकांचे संदेश ‘वॉर्न’ने पाठवावेत. ते स्टँडर्ड एररवर जातात आणि बफरमध्ये अडकत नाहीत. मात्र नुसते ‘>’ त्यांना फाइलमध्ये नेत नाही, ती वाट वेगळी वळवावी लागते.

प्रोग्राम घाईने पुन्हा सुरू करण्याआधी फाइलची प्रत काढलेली बरी. ‘>’ काय किंवा ‘फाइल.ओपन’मधला ‘डब्ल्यू’ काय, दोन्ही जुना मजकूर आधी पुसतात. मागे जोडायचे असेल तर ‘>>’ किंवा ‘ए’. आणि तपासणीसाठी ‘पुट्स’पेक्षा ‘पी’ बरे: ‘निल’ आले तर ‘पुट्स’ नुसती रिकामी ओळ सोडते, ‘पी’ स्पष्ट ‘निल’ लिहिते.

‘सिंक’ केले म्हणजे मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती गेला, इतकेच. तो डिस्कवर उतरण्याआधी वीज गेली तर? त्यासाठी ‘एफसिंक’ आहे, पण ते आणखी संथ.