उभ्याने घ्यावयाची कॉफी

आपल्याकडे कॉफी म्हणजे बैठक! कॅन्टीनमध्ये एक कप दोघांत घेऊन दोन तास वादविवाद करण्याची परंपरा आपण सर्वांनी निष्ठेने जतन केली आहे. त्यामुळे इटलीतील तोरिनो (तुरिन) शहरी, पोर्ता नुओवा स्थानकाजवळच्या एका गजबजलेल्या बारमध्ये आत्याबरोबर शिरल्यावर माझी फजिती होणे क्रमप्राप्तच होते. ‘बार’ शब्द वाचून गुरुजनांनी भुवया उंचावू नयेत; तिकडे बार म्हणजे प्रामुख्याने कॉफीचे दुकान.

पुढची गाडी सुटावयास पंचवीस मिनिटे होती. काउंटरपाशी हा घोळका! मी पाच मिनिटे हात उंचावून उभा. माझ्यामागून आलेले मात्र कॉफी पिऊन गेलेसुद्धा. अखेर शेजारच्या गृहस्थांनी हातातील चिटोरा दाखवून गल्ल्याकडे बोट केले, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

पद्धत अशी. स्थानकाजवळच्या गर्दीच्या बारमध्ये बहुधा आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यावयाची. ती काउंटरवर ठेवून ‘उन काफ्फे’ म्हणावयाचे. नुसते ‘काफ्फे’ म्हटले की एस्प्रेसोच मिळते. ‘लात्ते’ म्हटले तर निव्वळ दूध! कॉफी करणारा आपल्यापुढे आधी बशी ठेवतो. बशी आली म्हणजे आपला नंबर लागला असे समजावे. मग इवलासा कप येतो. साखर घालून दोन-तीन घोटांत तो संपवावयाचा आणि मागच्याला जागा द्यावयाची.

ही घाई त्या पेयाच्या जन्मातच आहे. तोरिनोच्याच आंजेलो मोरिओंदो यांनी 1884 साली वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यांचे हॉटेल याच स्थानकासमोरच्या चौकात होते. गाडी गाठण्याच्या घाईत असलेले गिऱ्हाईक त्यांच्या परिचयाचे असणारच. पुढे 1901 मध्ये मिलानच्या लुईजी बेत्सेरा यांनी एकेक कप स्वतंत्रपणे करण्याची युक्ती काढली. देसिदेरिओ पावोनी यांनी ते हक्क विकत घेतले आणि 1906 च्या मिलान प्रदर्शनात हे यंत्र लोकांपुढे आले. गंमत अशी, की ते प्रदर्शन आल्प्स पर्वतातील सिम्प्लॉन रेल्वे बोगद्याच्या पूर्ततेनिमित्त भरले होते!

परंतु वाफेच्या उष्णतेने कॉफी करपट लागे. आकिल्ले गाज्जा यांनी 1938 मध्ये पेटंट घेऊन, महायुद्धानंतर तरफेचे यंत्र आणले. वाफेऐवजी दट्ट्याने गरम पाणी पुडीतून रेटावयाचे. त्यामुळे दाब बराच वाढला आणि कॉफीवर सोनेरी साय धरू लागली. आज साधारणपणे सात ग्रॅम पूड, नऊ वातावरणांइतका दाब आणि पंचवीस ते तीस सेकंद, एवढ्यावर एक कप तयार होतो. ती साय थोड्याच वेळात विरते. म्हणून ती लगेच प्यावयाची.

उभे राहण्यामागे मात्र यंत्राबरोबर अर्थशास्त्रही आहे. 1911 च्या एका कायद्याने नगरपालिकांना जीवनावश्यक वस्तूंचे कमाल दर ठरविण्याचा अधिकार मिळाला. त्यात टेबलावरील सेवेविना दिलेला कॉफीचा कपही आला. मालकांनी मग काउंटरचा भाव कमी ठेवला आणि खुर्चीचा वाढविला. ती सवय आजही टिकून आहे. भिंतीवरच्या दरपत्रकात ‘बांको’ म्हणजे उभ्याने आणि ‘ताव्होलो’ म्हणजे बसून, असे दोन दर दिसतात.

हे सारे कळल्यावर मी भारावून गेलो. एका बाजूस कोटटाय घातलेले साहेब, दुसऱ्या बाजूस रंगाने माखलेल्या कपड्यांतला कामगार. खांद्याला खांदा, एकच कप, एकच भाव! केवढी ही समता! मी आत्याला उत्साहाने म्हटले, “आत्या, इथं सगळे सारखे.”

आत्याचे गुडघे दुखत होते. दरपत्रकावरील दोन आकड्यांकडे पाहात ती म्हणाली, “ज्याला उभं राहता येतं ते सगळे सारखे, बाळा. माझ्या पायांनी काय गुन्हा केलाय?”

मी निरुत्तर झालो. चार पैसे वाचविण्यासाठी मी तिला त्या घोळक्यात उभे करणार होतो, हे तेव्हा माझ्या ध्यानी आले. बसण्याचा दर दुपटीहून अधिक होता. तो भरून आम्ही कोपऱ्यातले टेबल धरले. आत्याने पाय सैल सोडले आणि कॉफी सावकाश, बशीत ओतून घेतली. सोनेरी साय केव्हाच विरली होती. “कडू आहे, पण बरी आहे,” असा अभिप्राय देऊन ती उठली. गाडी आम्हांला मिळाली.

स्वस्त कप सर्वांच्या हाती देणारी ती व्यवस्था थोर खरीच. पण कोणतीही समता पाहताना, तिथे खुर्ची कोणाला लागते आणि तिचे पैसे कोण भरतो, हेही विचारावे. वर्गात न शिकलेला हा धडा मला त्या पंचवीस मिनिटांत मिळाला.