सूर्य थांबतो ती रात्र

इंग्लंडमध्ये २१ डिसेंबरच्या सुमारास लंडनला दुपारचे चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो. दिवेलागणीची वेळ, आणि नेमके तेव्हाच काही घरांतले दिवे मालवले जातात. टीव्ही बंद, फोन बाजूला. आतला दिवा लागतो म्हणून फ्रिज उघडायलाही बंदी. मुलं आईबाबांना बिलगून अंधारात बसतात. सुरुवातीला खुसखुस चालते. मग डोळे सरावतात, खिडकीबाहेरचं झाड आकार घेऊ लागतं, एकमेकांचे श्वास ऐकू येतात. बऱ्याच वेळानं घरातलं सगळ्यात धाकटं मूल मोठ्यांच्या मदतीनं एक मेणबत्ती लावतं. त्या ज्योतीवरून दुसरी लागते, दुसरीवरून तिसरी.

ही पेगन कुटुंबं. हा शब्द लॅटिन ‘पागानुस’वरून आला, अर्थ खेडवळ, गावाकडचा. ख्रिस्ती धर्म पसरला तेव्हा जुने देव न सोडणाऱ्यांना हिणवायला तो वापरला गेला. आज तो आपणहून स्वीकारणारे पुष्कळ आहेत: २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म ‘पेगन’ असा लिहिला. त्यांचं वर्ष आठ सणांचं. दोन अयनदिन, दोन विषुवदिन आणि त्यांच्या मधले चार. हे आठ आऱ्यांचं चक्र मात्र १९५० च्या दशकात जुळलं, आधुनिक पेगन चळवळीतल्या जेराल्ड गार्डनर आणि रॉस निकोल्स यांच्या वर्तुळात. मला त्यात काही उणं वाटत नाही. कुठलाही सण कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा केलेलाच असतो.

हिवाळ्याच्या मध्यावरच्या या सणाला यूल म्हणतात. त्यात मुलांच्या हातांना भरपूर काम असतं. संत्र्याच्या चकत्या ओव्हनमध्ये वाळवून खिडकीत टांगायच्या, म्हणजे उजेडात प्रत्येक चकती छोटा सूर्य होते. हॉलीच्या काटेरी पानांचा आणि ओकच्या पानांचा असे दोन मुकुट करायचे. हॉलीचा राजा सरत्या वर्षाचा, ओकचा राजा वाढत्या उजेडाचा, आणि दिवाणखान्यात त्यांची लढाई. शेकोटीत मोठा ओंडका घालायचा, पण तो पेटवायचा गेल्या वर्षीच्या ओंडक्याच्या जपून ठेवलेल्या तुकड्यानं. एका वर्षाची आग दुसऱ्या वर्षाच्या हाती देण्याची ही रीत मला सगळ्यात आवडते.

आता आकाशात काय चाललेलं असतं ते पाहू. पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंश कललेला आहे, आणि या दिवशी, म्हणजे हिवाळ्यातल्या अयनदिनी, उत्तर ध्रुव सूर्यापासून जास्तीत जास्त दूर झुकलेला असतो. लंडनमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या जेमतेम १५ अंश वर येतो. त्याच दिवशी मुंबईत तो ४७ अंशांच्या वर चढतो. लंडनचा दिवस पावणेआठ तासांहून थोडाच मोठा, आपला जवळजवळ अकरा तासांचा. उजेड परत येण्याचा आनंद तिकडे एवढा का, हे या आकड्यांवरूनच कळतं. आणखी एक गंमत: सर्वांत लवकरचा सूर्यास्त या दिवशी नसतोच. लंडनला तो १२ डिसेंबरच्या आसपास होऊन गेलेला असतो, तर सर्वांत उशिराचा सूर्योदय वर्षअखेरीस येतो. संध्याकाळी उजेड परतू लागला, तरी सकाळी अंधार अजून वाढतोच आहे!

सणांचं चक्र नवं असलं, तरी या दिवसाची ओढ फार जुनी. आयर्लंडच्या मीथ परगण्यात, बॉइन नदीच्या खोऱ्यात, न्यूग्रेंज नावाचा टेकडीवजा प्रचंड ढिगारा आहे. बांधणी इ.स.पू. ३२०० च्या सुमाराची; म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहून जुनी. आत १९ मीटर लांबीचा दगडी बोळ आणि शेवटी एक दालन. बोळ हळूहळू चढत जातो, त्यामुळे दालनाची जमीन प्रवेशद्वाराहून सुमारे दोन मीटर उंच आहे. मग दारातून आत शिरणारा उजेड तिथवर कसा पोचेल? त्यासाठी बांधणाऱ्यांनी दाराच्या वर एक वेगळा झरोका ठेवला. सूर्य आत कधीतरी शिरतो, असं आसपासचे लोक सांगत. उत्खनन करणारे मायकेल ओ’केली ते तपासायला २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आत जाऊन बसले. सूर्य उगवला, चार मिनिटं गेली, आणि झरोक्यातून उजेडाची बारीक रेघ दालनाच्या जमिनीवर उतरली. पसरली, पुन्हा बारीक झाली. सुमारे १७ मिनिटांत सगळं संपलं. ती चार मिनिटंही बोलकी आहेत: आसाचा कल हजारो वर्षांत किंचित बदलला आहे, बांधलं तेव्हा सूर्य उगवताक्षणीच आत शिरत असे.

आज ती पहाट आतून पाहायला हजारो अर्ज येतात. दालन इतकं लहान, की चिठ्ठ्या टाकाव्या लागतात, आणि त्या उचलतात जवळपासच्या शाळांतली मुलं.

आपल्याला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. धुंधुरमासात पहाटे उठून, सूर्य वर येताना गरम खिचडी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी खाण्याची रीत महाराष्ट्रात अनेक घरांत आहे, आणि अयनदिन त्याच महिन्यात येतो. मकरसंक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ तर सुमारे सतराशे वर्षांपूर्वी एकाच दिवशी येत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, एका फेरीला जवळजवळ २६ हजार वर्षं घेतो, म्हणून साधारण ७२ वर्षांत एक दिवस या हिशेबानं संक्रांत सरकत १४-१५ जानेवारीवर आली. तिळगूळ वाटेपर्यंत सूर्यानं वळून तीन आठवडे उलटलेले असतात.

मुलांना हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. त्यासाठी खडू पुरतो. दक्षिणेकडच्या खिडकीतून येणारं ऊन भर दुपारी जमिनीवर कुठवर पोचलं, तिथे रोज रेघ मारायची. नोव्हेंबरभर ऊन घरात खोलखोल शिरत जातं, रेघा पुढे सरकतात. डिसेंबरच्या मध्यानंतर त्या एकमेकींना चिकटू लागतात. आणि २० तारखेची, २१ ची, २२ ची रेघ एकीवर एक पडते, कितीही वाकून पाहिलं तरी वेगळी दिसत नाही. अयनदिनासाठी लॅटिनमध्ये जो शब्द आहे, त्याचा अर्थच सूर्याचं थांबणं. रेघ मागे येताना दिसायला आणखी काही दिवस जातील. तोवर खडू खिडकीतच राहू द्यायचा.